वॉल्टर लिंड्रम, त्याचा ब्रेक आणि एक रेषा

लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमधील थर्स्टन्स हॉल ही एके काळी व्यावसायिक बिलियर्ड्सची पंढरी होती. १९ आणि २० जानेवारी १९३२ या दोन दिवसांत तिथे जो डेव्हिसविरुद्ध खेळताना वॉल्टर लिंड्रम या ऑस्ट्रेलियन खेळाडूने एकाच डावात, म्हणजे एकही फटका न चुकता, ४,१३७ गुणांचा ब्रेक केला. त्यासाठी त्याला खेळाचे २ तास ५५ मिनिटे लागली आणि सलग सुमारे १,९०० यशस्वी फटके मारावे लागले. डेव्हिस त्या काळचा विश्वविजेता होता. इतका वेळ खुर्चीत बसून राहिल्यावर त्याने उठून १,२४७ गुणांचा ब्रेक केला, आणि या दोन लागोपाठच्या ब्रेकची बेरीज ५,३८४ हासुद्धा एक विक्रम ठरला.

हा आकडा बिलियर्ड्सच्या प्रत्येक इतिहासात येतो, पण त्याच्या पोटात काय दडले आहे ते क्वचितच कोणी उकलून पाहतो. १७५ मिनिटांत १,९०० फटके म्हणजे सरासरी साडेपाच सेकंदांना एक फटका झाला. एवढ्या वेळात वाकायचे, नेम धरायचा, मारायचे, चेंडू थांबलेले पाहायचे आणि पुढच्या जागी सरकायचे. दुसरा हिशेब त्याहून बोलका आहे. ४,१३७ला १,९००ने भागले, तर एका फटक्यामागे सव्वादोनपेक्षाही कमी गुण पडतात. लाल चेंडू पॉकेटमध्ये घातला की ३ गुण मिळतात आणि कॅननला, म्हणजे आपला चेंडू इतर दोन्ही चेंडूंना लागला की, २ मिळतात, म्हणजे या ब्रेकचा बहुतांश भाग कॅननवर उभा होता. पुढे जे काही घडले त्याचे मूळ या एका वस्तुस्थितीत आहे.

या अभ्यासाचा प्रश्न असा आहे. एखादा खेळाडू खेळातला सर्वांत अवघड भाग इतक्या सहजतेने करू लागला की त्यापुढे सामन्यात काही उरेना, तेव्हा नियम करणाऱ्यांनी काय करावे? १९३०च्या दशकात त्यांनी केले ते बरोबर होते का? माझे मत असे झाले आहे की दुखणे खरे होते, पण औषध चुकीच्या जागी लावले गेले.

नर्सरी कॅनन म्हणजे काय

इंग्लिश बिलियर्ड्स १२ फूट लांब आणि ६ फूट रुंद टेबलावर तीन चेंडूंनी खेळले जाते. दोन्ही खेळाडूंचा क्यूने, म्हणजे खेळायच्या काठीने, मारायचा एकेक क्यू बॉल असतो आणि तिसरा चेंडू लाल. आपल्या चेंडूने दोन्ही चेंडूंना स्पर्श केला की कॅनन होतो. समोरचा चेंडू पॉकेटमध्ये गेला तर पॉट आणि आपलाच चेंडू दुसऱ्याला लागून पॉकेटमध्ये गेला तर इन-ऑफ. लाल चेंडूच्या पॉटला किंवा त्याच्यावरून केलेल्या इन-ऑफला ३ गुण, प्रतिस्पर्ध्याच्या पांढऱ्या चेंडूच्या बाबतीत २ गुण. ही सगळी साधने वापरून टेबलभर फिरत खेळणारा खेळाडू पाहणाऱ्याला आवडतो, कारण त्याच्या खेळात लांबचे नेम, कोन, वेग आणि जोखीम दिसते.

नर्सरी कॅननचा प्रकार वेगळाच आहे. लाल चेंडू आणि प्रतिस्पर्ध्याचा चेंडू हे दोन्ही कुशनच्या, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेच्या, अगदी जवळ, एकमेकांपासून थोड्याच अंतरावर आणून ठेवायचे आणि आपला चेंडू त्यांच्या मागे ठेवून क्यूच्या टोकाने इतका हलका स्पर्श द्यायचा, की पहिल्याला किंचित ढकलून तो दुसऱ्यावर टेकावा आणि तिन्ही चेंडू पुन्हा जवळपास तशाच रचनेत, फक्त बोटभर पुढे सरकलेले राहावेत. मग पुन्हा तेच. कुशनच्या कडेने तीन चेंडूंचा हा छोटा तांडा इंचाइंचाने चालत राहतो आणि प्रत्येक पावलाला दोन गुण जमा होतात.

वाचताना हे सोपे वाटते, आणि पाहतानाही. टेबलापाशी उभे राहून करून पाहणाऱ्याला मात्र पाच-सहा कॅननांतच कळते की चेंडू आपले ऐकत नाहीत. बिलियर्ड्सच्या कापडाला लव असते आणि ती बॉककडून, म्हणजे टेबलाच्या खालच्या टोकाकडून, वरच्या टोकाकडे पडलेली असते. जोरात मारलेल्या चेंडूवर तिचा परिणाम जाणवत नाही, पण मुंगीच्या गतीने सरकणारा चेंडू लवेच्या ओढीने केसभर वळतो. हा केसभराचा फरक पुढच्या फटक्यात दुप्पट होतो आणि तिसऱ्या फटक्याला चेंडू एका रेषेत येऊन एकमेकांना झाकून टाकतात. झाकले गेले की रचना मोडायची आणि पुन्हा बांधायची. त्यातच कुशनला पॉकेटचे तोंड आडवे येते. तिथे टेकायला कडच नसते, म्हणून चेंडूंचा तो तांडा पॉकेटवरून अलगद पलीकडे वळवून न्यावा लागतो. जाणकारांच्या दृष्टीने लिंड्रमचे खरे श्रेष्ठत्व या वळणांवर दिसे. चेंडू झाकले जाणार हे त्याला दोन-तीन फटके आधी कळे, आणि तो ते आधीच फोडून टाकी. त्यामुळे त्याच्या खेळात सुटकेचा अवघड फटका फारसा दिसतच नसे. अवघड प्रसंग येऊ न देणे हे त्याचे कौशल्य होते, आणि जे घडलेच नाही ते प्रेक्षकाला दिसणार कसे?

घराणे आणि हात

लिंड्रमचा जन्म २९ ऑगस्ट १८९८ रोजी पश्चिम ऑस्ट्रेलियातील कालगुर्ली या सोन्याच्या खाणींच्या गावी झाला. घर बिलियर्ड्सचेच होते. आजोबा ऑस्ट्रेलियातले नामवंत खेळाडू, वडील फ्रेडरिक बिलियर्ड्सचे शिक्षक आणि त्या खेळाच्या खोल्या चालवणारे, थोरला भाऊ फ्रेड १९०८पासून ऑस्ट्रेलियाचा व्यावसायिक विजेता. आपल्याकडे गाण्याच्या घराण्यात मूल जसे कानांनी आधी शिकते, तसे या मुलाच्या कानांवर चेंडूंचा टकटक आवाज पाळण्यापासून पडला असणार.

१९०१ साली एका अपघातात त्याच्या उजव्या हाताच्या तर्जनीचे टोक तुटले. वडिलांनी त्याला डाव्या हाताने खेळायला शिकवले. म्हणजे क्यू डाव्या हातात आणि टेबलावर टेकलेला, क्यूला आधार देणारा हात उजवा. तुटलेले बोट असलेला हात स्थिर राहण्याच्या कामाला लागला आणि धडधाकट हात मारण्याच्या. या व्यंगामुळे तो थोर झाला असे मी म्हणणार नाही. अशा कथा सोयीच्या असतात. पण जे मूल तीन वर्षांचे असताना हाताची अदलाबदल करून शून्यापासून बांधले गेले, त्याच्या हाताला मोडून काढायची कोणतीही नैसर्गिक खोड नव्हती आणि त्याचा प्रत्येक फटका वडिलांच्या नजरेखाली घडवलेला होता, एवढे नक्की. सरावाचे तास दिवसाला बारापर्यंत जात. तेरा वर्षांच्या आसपास तो व्यावसायिक सामने खेळू लागला.

त्यानंतरचा काळ त्याच्या चरित्रातला सर्वांत विचित्र भाग आहे. विशी ओलांडली तेव्हा तो ऑस्ट्रेलियात सर्वांत चांगला खेळत होता, हे सर्वांना ठाऊक होते. पण राष्ट्रीय विजेतेपद भावाकडे होते आणि भावाचा मान राखण्यासाठी वॉल्टरने त्या पदाला आव्हान दिले नाही. प्रतिस्पर्धी मिळत नव्हते आणि जगातले मोठे खेळाडू इंग्लंडमध्ये होते. त्यामुळे तिशीपर्यंत हा माणूस प्रामुख्याने स्वतःशीच खेळत राहिला. नर्सरी कॅननवर त्याने मिळवलेल्या प्रभुत्वाचा उगम मला या एकांतात दिसतो. समोर कोणी नसते तेव्हा माणूस डावपेच शिकत नाही, पूर्णत्व शिकतो.

१९२९ साली इंग्लंडचा विली स्मिथ ऑस्ट्रेलियात आला. स्मिथ हा टेबलभर खेळणारा, प्रेक्षकांचा लाडका खेळाडू होता. १९२८ साली त्याने नर्सरी कॅननचा आधार न घेता २,७४३ गुणांचा ब्रेक केला होता. लिंड्रम आणि स्मिथ यांनी एकेक सामना जिंकला. तिसरा सामना लिंड्रमने सोडून दिला, कारण त्याची वाग्दत्त वधू रोझ कोट्स मरणशय्येवर होती. रुग्णालयात त्यांचे लग्न झाले आणि लगेच ती गेली. त्याच वर्षी स्मिथ आणि न्यूझीलंडचा क्लार्क मॅकॉनाकी यांच्यासोबत लिंड्रम इंग्लंडला निघाला.

इंग्लंडमधील तीन हिवाळे

१९२९च्या अखेरीपासून पुढच्या तीन हंगामांत इंग्लंडमध्ये पाच नावे गाजत होती: लिंड्रम, मॅकॉनाकी, डेव्हिस, टॉम न्यूमन आणि स्मिथ. सामने दोन-दोन आठवडे चालत, दिवसातून दोन सत्रे होत, आणि शेवटी ज्याची बेरीज जास्त तो जिंके. पहिल्याच हंगामात, १९३० साली, लिंड्रमने ३,२६२ गुणांचा ब्रेक केला. थोड्याच काळात हे स्पष्ट झाले की उरलेल्या चौघांना बरोबरीने खेळवून चालणार नाही, म्हणून त्याने प्रतिस्पर्ध्यांना आधीच सात-सात हजार गुण देऊन खेळायचे अशा स्पर्धा ठरल्या. तरीही तो जिंकला. फेब्रुवारी १९३१मध्ये बकिंगहॅम राजवाड्यात पाचव्या जॉर्ज राजापुढे त्याने खेळ करून दाखवला.

मराठी वाचकाला इथे क्रिकेटची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही, आणि ती योग्यच आहे. १९३०च्या उन्हाळ्यात डॉन ब्रॅडमनने इंग्लंडमध्ये कसोटी मालिकेत ९७४ धावा काढल्या, त्यात लीड्सच्या ३३४ होत्या. त्याच वर्षी थंडीत त्याचाच देशबांधव लंडनच्या बंद दालनात हजारांचे ब्रेक करत होता. दोघांच्या बाबतीत इंग्लंडपुढे एकच कोडे उभे राहिले: बाद न होणाऱ्या माणसाचे करायचे काय? क्रिकेटने १९३२-३३च्या मालिकेत उत्तर दिले ते शरीरवेधी गोलंदाजीचे. त्यावर गदारोळ झाला आणि पुढे नियम बदलले, पण ते फलंदाजाच्या रक्षणासाठी. बिलियर्ड्समध्ये नियमच खेळाडूविरुद्ध उभा राहिला. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो, कारण क्रिकेटमध्ये ब्रॅडमन खेळताना पाहणे हा आनंद होता. तो दिवसभर खेळला तर मैदान भरत असे. लिंड्रम दिवसभर खेळला तर दालन रिकामे होऊ लागे.

आधीची उदाहरणे

नियमांनी एखादा फटका बांधून टाकण्याची बिलियर्ड्समध्ये ही पहिली वेळ नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लाल चेंडू त्याच्या ठरलेल्या ठिपक्यावरून पुन्हापुन्हा पॉकेटमध्ये घालायचा आणि गुण ओढायचे, अशी पद्धत रूढ होती. डब्ल्यू. जे. पील याने १८९० साली त्या पद्धतीने ३,३०४ गुणांचा ब्रेक केला आणि १८९८ साली नियमाने ती पद्धत संपवली. १९०७ साली टॉम रीस याने दोन चेंडू पॉकेटच्या जबड्यात असे अडकवून ठेवले की ते जागचे हलतच नसत, आणि त्यांच्यावर पाच आठवडे कॅनन करत ४,९९,१३५ गुणांचा ब्रेक रचला. त्यावरही तात्काळ बंदी आली. १९११ साली जॉर्ज ग्रे या ऑस्ट्रेलियन तरुणाने लाल चेंडूवरून मधल्या पॉकेटात इन-ऑफ करत २,१९६ गुण केले. कालांतराने सलग पॉट आणि इन-ऑफच्या संख्येवर मर्यादा आली.

या मालिकेकडे पाहिले तर नियामकांची विचारसरणी कळते. एकच फटका पुन्हापुन्हा मारून गुण मिळत असतील तर तो फटका मोजून द्यायचा. रीसच्या बाबतीत हे शंभर टक्के बरोबर होते, कारण त्याने चेंडू गोठवून ठेवले होते आणि तिथे कौशल्याला वावच उरला नव्हता. ग्रेच्या बाबतीतही बऱ्याच अंशी बरोबर होते. पण नर्सरी कॅनन या रांगेत बसत नाही. त्यात एकही फटका दुसऱ्यासारखा नसतो, चेंडू सतत सरकत असतात आणि प्रत्येक वेळी ताकद, बाजूचा स्पर्श आणि कोन नव्याने ठरवावा लागतो. दुरून पाहणाऱ्याला मात्र तो ग्रेच्या इन-ऑफपेक्षाही एकसुरी दिसतो. नियामक दुरून पाहणाऱ्याच्या जागी बसले.

रेषेचा नियम

४,१३७नंतर नियम बदलण्याची मागणी थोपवणे शक्य राहिले नाही. बिलियर्ड्सच्या टेबलावर खालच्या कुशनपासून २९ इंचांवर एक आडवी रेघ असते, ती बॉक रेषा. नवा नियम असा की ब्रेक चालू असताना ठराविक गुणांच्या प्रत्येक टप्प्यात खेळाडूच्या क्यू बॉलने ही रेषा एकदा तरी ओलांडलीच पाहिजे. टप्प्याचा आकडा पुढे कमीजास्त झाला, तत्त्व तेच राहिले.

तांत्रिक दृष्टीने ही युक्ती चतुर होती. नर्सरी कॅननवर बंदी नव्हती, पण वरच्या कुशनला गोळा केलेले चेंडू सोडून क्यू बॉलला टेबलाच्या दुसऱ्या टोकाला न्यायचे, आणि तरीही त्या फटक्यात गुण करून पुन्हा रचना मिळेल अशी व्यवस्था ठेवायची, हे काम दर थोड्या वेळाने करणे भाग पडले. म्हणजे ब्रेकमध्ये ठराविक अंतरावर एक-एक खंदक खणला गेला.

परिणाम मोजता येतो. मे १९३३मध्ये लंडनच्या डॉरलंड हॉलमध्ये झालेल्या विश्वविजेतेपदाच्या अंतिम सामन्यात लिंड्रमने डेव्हिसला २१,८१५ विरुद्ध २१,१२१ असे हरवले. अंतर फक्त ६९४ गुणांचे. दोन वर्षांपूर्वी हाच माणूस सात हजार गुण आधी देऊन जिंकत होता. पुढच्या वर्षी मेलबर्नमध्ये त्याने मॅकॉनाकीला २१,९०३ विरुद्ध २०,०६४ आणि डेव्हिसला २३,५५३ विरुद्ध २२,६७८ असे हरवून पद राखले. निव्वळ चुरस हा निकष लावला, तर नियम यशस्वी झाला होता. डेव्हिससारखा खेळाडू पुन्हा सामन्यात आला, शेवटच्या सत्रापर्यंत निकाल अनिश्चित राहू लागला, आणि तरीही श्रेष्ठ खेळाडूच जिंकला. एवढ्यावर थांबलो असतो तर मी या नियमाची वाखाणणीच केली असती.

पण त्या १९३४च्या सामन्यानंतर विश्वविजेतेपदासाठी पुढचा सामना झाला तो थेट १९५१ साली. मधली वर्षे पद लिंड्रमकडेच राहिले आणि १९५० साली त्याने ते सोडले. १९५१मध्ये मॅकॉनाकीने जॉन बॅरीला हरवून ते घेतले, आणि त्यानंतरचा सामना १९६८मध्ये ऑकलंडला झाला, ज्यात ७३ वर्षांच्या मॅकॉनाकीला रेक्स विल्यम्सने हरवले. म्हणजे १९३४ ते १९६८ या चौतीस वर्षांत एका जागतिक विजेतेपदाच्या वाट्याला दोनच सामने आले. नियमाने चुरस परत आणली आणि तरीही प्रेक्षक आलाच नाही. महायुद्धाने मधली सहा वर्षे खाल्ली हे खरे, पण उरलेल्या अठ्ठावीस वर्षांची जबाबदारी युद्धावर टाकता येत नाही.

निदान कुठे चुकले

नियामकांनी दुखणे असे ठरवले की ब्रेक फार मोठे होतात. माझ्या मते खरे दुखणे सामन्याच्या घडणीत होते. दोन आठवड्यांच्या बेरजेवर चालणाऱ्या सामन्यात मोठ्या ब्रेकला काहीच प्रसंग नसतो. ४,१३७ गुण पहिल्या मंगळवारी झाले काय किंवा दुसऱ्या शुक्रवारी झाले काय, बेरजेत त्यांचे वजन तेवढेच. तिकीट काढून दुपारच्या सत्राला आलेल्या माणसासमोर कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. फळ्यावरचा आकडा वाढतो आणि दुसरा खेळाडू खुर्चीत बसून राहतो. अशा सत्रात लिंड्रमऐवजी स्मिथ खेळत असता तरी प्रसंग घडला नसता, फक्त चेंडू जास्त लांब धावले असते.

नेमकी हीच गोष्ट स्नूकरकडे आयती होती. जबलपूरच्या छावणीत १८७५ साली ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनी जुळवलेला हा खेळ दीर्घकाळ बिलियर्ड्सच्या ओसरीवरचा खेळ समजला जात होता. पण त्यात प्रत्येक फ्रेम, म्हणजे प्रत्येक डाव, स्वतंत्र असते, वीस-पंचवीस मिनिटांत कोणीतरी जिंकतो आणि खेळ नव्याने मांडला जातो. चेंडू रंगीत असतात, लाल चेंडू पॉकेटमध्ये गेले की गेले, आणि मागच्या रांगेतल्या माणसालाही काय झाले ते समजते. हे सर्वांत आधी ओळखले ते जो डेव्हिसने, त्याच खुर्चीत बसलेल्या डेव्हिसने. १९२७ साली पहिल्या व्यावसायिक स्नूकर विश्वविजेतेपदाची जुळवाजुळव त्याने केली, ते जिंकले आणि १९४६पर्यंत पंधरा वेळा ते आपल्याकडे ठेवले. १९३६-३७च्या हंगामात एका मोठ्या वृत्तपत्राने पुरस्कृत केलेली सुवर्णचषक स्पर्धा बिलियर्ड्सवरून स्नूकरवर वळली, तेव्हा कौल लागला होता. लिंड्रमच्या स्वतःच्या घरातही तेच झाले. त्याचा पुतण्या होरेस लिंड्रम स्नूकरकडे गेला आणि १९५२ साली त्या खेळाचा विश्वविजेता झाला.

लिंड्रमने बिलियर्ड्स मारले, असे जे सरसकट म्हटले जाते ते मला मान्य नाही. त्याने त्या काळच्या नियमांत जे मागितले होते तेच, कोणी दिले नव्हते इतके दिले. सामन्याचे स्वरूप दोन आठवड्यांच्या बेरजेऐवजी शंभर-दीडशे गुणांच्या छोट्या डावांचे असते, तर नर्सरी कॅननची पंधरा मिनिटे ही प्रत्यंचा ताणल्यासारखी वाटली असती, कारण समोरच्याला पुन्हा संधी मिळेल की नाही हा प्रश्न प्रत्येक स्पर्शागणिक जिवंत राहिला असता. हा नुसता तर्क नाही, हे पुढे बिलियर्ड्सने स्वतःच करून दाखवले. आज बिलियर्ड्सच्या जागतिक स्पर्धांत छोट्या डावांचा प्रकार स्वतंत्रपणे खेळला जातो, आणि पंकज अडवाणीसारख्या पुण्यात जन्मलेल्या खेळाडूने छोट्या आणि मोठ्या अशा दोन्ही प्रकारांत विश्वविजेतेपदे मिळवली आहेत. त्याच काळात हे सुचले असते तर काय झाले असते, याचा विचार केल्याशिवाय हे प्रकरण मिटत नाही.

तो स्वतः

या सगळ्यात लिंड्रम स्वतः कसा वागला, हेही नोंदवले पाहिजे. रेषेचा नियम आला तेव्हा त्याने खेळणे सोडले नाही. १९३३ साली मेलबर्नमध्ये त्याने सलग ५२९ नर्सरी कॅनन केले, म्हणजे एकट्या त्या मालिकेचे १,०५८ गुण. १९४१ साली सिडनीत त्याने शंभर गुण ४६ सेकंदांत पूर्ण केले. ही दुसरी कामगिरी मला अधिक प्रिय आहे, कारण ज्याला लोक कंटाळवाणा म्हणत होते तो पृथ्वीवरचा सर्वांत वेगवान बिलियर्ड्स खेळाडू होता. मंद होते ते त्याचे चेंडू, तो नव्हे.

दुसऱ्या महायुद्धात त्याने ऑस्ट्रेलियाभर सुमारे चार हजार प्रदर्शनी सामने खेळून मदतनिधीसाठी पाच लाख पौंडांच्या वर रक्कम उभी केली. सामन्यांत रिकामी होणारी दालने या प्रदर्शनांत भरत होती, ही बाब माझ्या मुद्द्याला फार जवळची आहे. प्रदर्शनात तो तासभर खेळे, नर्सरी कॅनन करी, एका फटक्यात अनेक चेंडू पाडण्याच्या करामती दाखवी, आणि प्रत्येक गोष्टीला सुरुवात, उत्कर्ष आणि शेवट असे. हेच हात, हाच फटका, फक्त वेळेची चौकट निराळी, आणि लोक आनंदाने पैसे देत. १९५१ आणि १९५८ साली त्याला ब्रिटिश सन्मान मिळाले. ३० जुलै १९६० रोजी क्वीन्सलँडमधील सर्फर्स पॅरडाइस इथे त्याचा मृत्यू झाला. मेलबर्नच्या दफनभूमीतील त्याची समाधी बिलियर्ड्सच्या टेबलाच्या आकाराची आहे आणि तिच्यावर क्यू आणि चेंडू मांडलेले आहेत.

आणि रेषा अजून तिथेच आहे. ४,१३७च्या जवळ आज कोणी फिरकत नाही. नियम निराळे आहेत, त्यामुळे तुलनाही न्याय्य होणार नाही. १९९२ साली गीत सेठीने १,२७६ केले, २०१४ साली पीटर गिलख्रिस्टने १,३४६ केले, आणि हे आधुनिक नियमांतले फार मोठे ब्रेक आहेत. लांब ब्रेक करणारा खेळाडू प्रत्येक शंभराच्या टप्प्यात ऐंशीच्या घरात आला की फळ्याकडे एक नजर टाकतो, कारण नव्याण्णवच्या आत त्याच्या चेंडूला खाली येऊन ती रेषा ओलांडायची असते. वरच्या कुशनशी चेंडू कितीही सुंदर जमले असोत, तो ते सोडतो, क्यू बॉलला टेबलाच्या लांबीभर खाली पाठवतो, आणि परत जाऊन चेंडू गोळा करायला लागतो.